'आबोल ताबोल' : कर्त्याने न पाहिलेले पुस्तक

१/
१९ सप्टेंबर १९२३. कोलकात्यात मुलांसाठी विनोदी कवितांचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले : 'आबोल ताबोल'. कविता, चित्रे आणि पानांची मांडणी, सारे एकाच माणसाचे. पण पुस्तक हाती घेण्यास तो उरला नव्हता. नऊच दिवसांपूर्वी, वयाच्या ३५ व्या वर्षी सुकुमार राय यांचे निधन झाले होते.

२/
या कथेचा आरंभ वडिलांपासून होतो. उपेन्द्रकिशोर रायचौधुरी हे लेखक आणि चित्रकार. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातील त्यांची चित्रे छपाईत पार बिघडली. त्यांनी इंग्लंडहून सामग्री मागवली, छपाईचे शास्त्र स्वतः आत्मसात केले आणि 'यू. राय अँड सन्स' हा छापखाना उभारला.

३/
त्यांचे प्रभुत्व 'हाफटोन' तंत्रावर होते. बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून चित्राचे छायाचित्र घेतले की त्याचे लहानमोठे ठिपके होतात. मग एकाच काळ्या शाईतून करड्या छटांचा भास निर्माण होतो. या विषयावरील त्यांचे लेख ब्रिटनमधील मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले.

४/
३० ऑक्टोबर १८८७ रोजी जन्मलेले सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिक व रसायनशास्त्र शिकले. १९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते मुद्रणकलेच्या अभ्यासासाठी लंडनला आणि पुढे मँचेस्टरला गेले. १९१३ मध्ये वडिलांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्याच वर्षी सुकुमार परतले. १९१५ मध्ये उपेन्द्रकिशोर निवर्तले आणि छापखान्यासह 'संदेश'ची धुरा सुकुमारांवर आली.

५/
'संदेश'च्या पानांवर एक अजब प्राणिसृष्टी अवतरली. बक आणि कच्छप मिळून 'बकच्छप'. हत्ती आणि 'तिमि', म्हणजे देवमासा, मिळून 'हातिमि'. दोन शब्दांचा संधी व्हावा तसा दोन देहांचा संधी! गंमत अशी की चित्रकार येथे जराही हसत नाही. सांधा इतका बेमालूम, की असा प्राणी कुठेतरी असलाच पाहिजे असे वाटावे.

६/
ही केवळ बाललीला नव्हती. 'एकुशे आइन' या कवितेतील देशात पाय घसरून पडणाऱ्यालाही शिपाई पकडतो आणि २१ रुपये दंड होतो. काळ ब्रिटिश राजवटीचा होता. मुले हसत, मोठ्यांना त्यात आणखीही काही दिसे.

७/
१९२१ मध्ये सुकुमारांना काला-आजाराने गाठले. त्याच वर्षी २ मे रोजी पुत्र जन्मला : सत्यजित. दैवदुर्विलास असा की त्याच सुमारास त्याच शहरात डॉ. उपेन्द्रनाथ ब्रह्मचारी यांनी या रोगावर 'यूरिया स्टिबामाइन' हे औषध सिद्ध केले. परंतु त्याचा वापर सर्वत्र रूढ होण्यास अवकाश होता.

८/
पुढची सुमारे अडीच वर्षे बहुतांशी अंथरुणावर गेली, तरी लेखणी आणि कुंचला थांबला नाही. 'ह-ज-ब-र-ल' ही अफलातून कथा याच काळातली. विखुरलेल्या कविता निवडून, काहींवर पुन्हा हात फिरवून त्यांनी 'आबोल ताबोल'ची प्रत सिद्ध केली. रवींद्रनाथ टागोर भेटीस आले आणि रुग्णाच्या इच्छेवरून त्यांनी गाणी म्हटली. संग्रहाच्या अखेरच्या कवितेत, हास्याच्या आडून, निरोपाची सावली आहे.

९/
१० सप्टेंबर १९२३ रोजी सारे संपले. पुढे काही वर्षांतच छापखाना कर्जात बुडाला, राहते घर गेले, 'संदेश'ही थांबला.

१०/
१९६१ मध्ये 'संदेश' पुन्हा निघू लागला. संपादक होते कवी सुभाष मुखोपाध्याय आणि वडील गेले तेव्हा अडीच वर्षांचेही नसलेले सत्यजित राय. चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगभर ख्याती मिळाल्यावरही ते या मासिकासाठी कथा लिहीत आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढीत. प्रोफेसर शंकू आणि फेलूदा वाचकांना प्रथम भेटले ते याच पानांवर.