आपत्काळातील गुरुशिष्यसहवास : कुनमिंग येथील संयुक्त विद्यापीठ (१९३८–१९४६)

आपत्तीत विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व घडते, असे सामान्यतः मानले जाते. ते आपत्तीमुळे घडते, की आपत्तीतही न तुटलेल्या गुरुसहवासामुळे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चीनमधील नैर्ऋत्य संयुक्त विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

जुलै १९३७ मध्ये चीन-जपान युद्धास तोंड फुटले व तिएनत्सिन येथील नानकाय विद्यापीठ बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले. पेकिंग, छिंगह्वा व नानकाय ही तीन विद्यापीठे प्रथम छांगशा येथे एकत्र आली. तेथेही युद्धाची झळ पोहोचताच १९३८ च्या प्रारंभी त्यांनी युन्नान प्रांतातील कुनमिंगची वाट धरली. पुष्कळजण सागरी व लोहमार्गाने गेले. सुमारे ३०० विद्यार्थी व ११ अध्यापक मात्र बव्हंशी पायी निघाले. ६८ दिवसांच्या या प्रवासात कवी-प्राध्यापक वेन यीतुओ यांच्या मार्गदर्शनाने लोकगीतांचे संकलन झाले. ग्रंथांतून परिचित असलेला देश विद्यार्थ्यांनी प्रथमच खेड्यापाड्यांतून पाहिला, आणि तोही गुरूंच्या बरोबरीने चालून.

कुनमिंगला मातीच्या भिंतींच्या वर्गांत अध्यापन सुरू झाले. विद्यापीठाचे एक सूत्रधार मेइ यीछी यांनी १९४१ च्या लेखात विद्यालयास पाण्याची व गुरुशिष्यांस माशांची उपमा दिली : मोठे पुढे पोहतात, लहान मागून जातात. या कल्पनेचे प्रत्यंतर पदार्थविज्ञान विभागात येते. वू ताय्यू यांनी यांग चेनिंग यांना पदवीप्रबंधासाठी रेणूंचे वर्णपट व गटसिद्धांत हा विषय दिला. सममितीविषयीच्या आपल्या आस्थेचे मूळ यांग यांनी पुढे त्यातच दाखविले. पदवी पूर्ण न झालेल्या त्सुंगदाओ ली यांची १९४६ मध्ये अमेरिकेतील अध्ययनासाठी निवडही वू यांनीच केली. १९५७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

तथापि या यशावरून आपत्तीचे गोडवे गाणे इतिहासास धरून होणार नाही. सुमारे ८,००० विद्यार्थ्यांनी येथे प्रवेश घेतला. त्यांपैकी निम्म्यांहून कमी येथून पदवीधर झाले. आठशेंहून अधिक सैन्यात गेले. महागाईने अध्यापकही गांजले. वेन यीतुओ यांना मुद्रा कोरून चरितार्थास जोड द्यावी लागली, आणि जुलै १९४६ मध्ये त्यांची हत्या झाली.

आपत्तीने सर्वांस सारखेच कष्ट दिले, परंतु विद्या दिली ती तिने नव्हे. अध्यापकांनी ते कष्ट शिष्यांसमवेत सोसले आणि अध्यापनाचा दर्जा उतरू दिला नाही, यातच त्या विद्यार्थ्यांच्या विकासाचे कारण शोधावे लागते.