वही कोण धरणार? नव्या लेखकाच्या आश्रयाची पावणेदोनशे वर्षं



आजचा विषय संयोजकांनी सुचवला. नव्या लेखकाला अनुदान, स्पर्धा, निवासवृत्ती या गोष्टी मिळतात कशा? आम्ही म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, अर्ज भरून देणारे नव्हे. त्यावर ते म्हणाले, सर, तुम्ही इतिहास सांगा, अर्जाचं मुलं बघून घेतील. तेव्हा आपण आज इतिहासच पाहू. पण तो पाहताना तुमच्यातल्या ज्यांच्या दप्तरात एखादी वही लपवलेली आहे, त्यांच्याकडे आमचं लक्ष राहणार आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. लिहिणाऱ्या माणसाला नेमकं काय लागतं? आमच्या मते तीन गोष्टी लागतात: पैसा, वेळ आणि कान. पैसा म्हणजे छपाईचा आणि पोटाचा. वेळ म्हणजे कुणी हाक न मारता मिळालेले चार दिवस. आणि कान म्हणजे आपलं लिहिलेलं ऐकून ‘पुढे वाच’ असं म्हणणारं माणूस. बक्षीस लिहून झाल्यावर मिळतं, अनुदान छापण्यासाठी मिळतं, निवासवृत्ती लिहिता लिहिता मिळते. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. इतिहासात त्या कुठं कुठं भेटतात ते पाहू.

मराठीतलं पहिलं मोठं उदाहरण पुण्याचं. दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा आपल्याला माहीत आहे. विद्वान ब्राह्मणांना ती वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. पुढे १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे मागणी केली की, या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. म्हणजे धर्मादायाचं रूपांतर स्पर्धेत झालं. पाठांतराऐवजी पुस्तक आलं, संस्कृताऐवजी मराठी आली. ही लहान गोष्ट नव्हती.

आता याच कमिटीची दुसरी बाजू. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि याच कमिटीकडे पाठवलं. अडाणी कुटुंबाला भिक्षुक कसा नाडतो, हा त्याचा विषय. कमिटीनं ते नाकारलं. जोतीरावांनी हा प्रसंग पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतः नोंदवून ठेवला आणि कमिटीतल्या भट सभासदांपुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं स्पष्ट म्हटलं. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं! आज मराठी नाटकाचा इतिहास सांगताना ते टाळून पुढं जाता येत नाही.

यावरून आपण काय घ्यायचं? परीक्षक मंडळ जे ओळखू शकतं, त्यालाच बक्षीस देतं. जे ओळखण्याची नजरच त्याला नाही, ते त्याच्या टेबलावरून परत जातं. म्हणून नकार हा तुमच्या लिखाणावरचा शेवटचा निकाल नसतो. मात्र लगेच खूश होऊ नका. नाकारला गेलेला प्रत्येक जण जोतीराव नसतो. आम्हीही तरुणपणी एका स्पर्धेला निबंध पाठवला होता. तो साभार परत आला तेव्हा परीक्षकांना अक्कल नाही, असं आम्ही वर्षभर सांगत फिरलो. दहा वर्षांनी तो निबंध पुन्हा वाचला, आणि परीक्षक सज्जन होते असं आमचं मत झालं.

आता पुणं सोडून घरी येऊ. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात तालुक्याला नाव होतं नशिराबादचं, जळगाव त्या तालुक्यातलं एक गाव. रेल्वे आली, कापूस आला आणि जळगाव पुढं गेलं. त्याच जळगावात १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ हे मासिक सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, तेही जळगावातून! ते १९३५ पर्यंत चाललं. केशवसुतांसारख्यांच्या कविता त्यात आल्या. ना सरकारी निधी, ना मोठं शहर. एक संपादक चिकाटीनं बसला आणि पाऊणशेच्या जवळ नव्हे, पण चांगली अठ्ठेचाळीस वर्षं नव्या कवीला पत्ता मिळाला, की कविता पाठवायची कुठं. आम्ही ज्याला कान म्हणतो, तो हा.

याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथं धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, कविता म्हणायला उभा राहिला. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. एका दुपारच्या त्या कौतुकानं त्या मुलाचं नावच बदललं. आज ठोंबरे म्हटलं तर क्षणभर थांबावं लागतं, बालकवी म्हटलं की लगेच ओळख पटते.

पण पदवीनं पोट भरत नाही. शिक्षण आणि नोकरी यांची ओढाताण सुरूच राहिली. त्या काळात त्यांना आसरा मिळाला तो अहमदनगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त या मुलाबद्दल लिहिलं आहे. आपल्याच लेकरासारखं त्यांनी त्याला सांभाळलं, रागावल्या, रुसवे काढले. आता आपण ज्याला निवासवृत्ती म्हणतो, ती तेव्हा अशी होती. अर्ज नाही, मुलाखत नाही. एक कवी घरचा मालक आणि त्याची बायको दुसऱ्या कवीला जेवायला वाढते. त्या ताटाचा हिशोब कुठल्याही वाङ्मयेतिहासात सापडत नाही, आणि तो लक्ष्मीबाईंच्या खात्यावर मांडायला हवा, असं आम्हाला वाटतं.

या गोष्टीचा शेवट तुम्हाला माहीत आहे, कारण तो आपल्या शेजारी घडला. ५ मे १९१८, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. वय सत्तावीस. हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. पदवी मिळाली, आसरा मिळाला, पुस्तक मात्र राहिलं. तीनपैकी एक गोष्ट कमी पडली तर काय होतं, याचं हे उदाहरण आहे.

आता अमळनेर. आमच्या विषयाचं गाव, म्हणून आम्हाला थोडा अभिमान दाखवू द्या. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून तरुण अभ्यासक यायचे, त्यांना वृत्ती मिळायची, ग्रंथालय मिळायचं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वेळ मिळायचा. बंगालमधून कृष्णचंद्र भट्टाचार्य इथं येऊन राहिले, घनश्यामदास मलकानींनी इथून तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक चालवलं, टी. आर. व्ही. मूर्ती आणि रासविहारी दास इथं अभ्यासाला होते. कापडगिरणीच्या नफ्यातून अद्वैताचा अभ्यास! देणाऱ्याचा कल अद्वैताकडे होता, तो संस्थेच्या कामावरही होता. हे लक्षात ठेवा. देणाऱ्याला काहीतरी आवडत असतंच. ते आधी समजून घ्यावं आणि आपल्याला त्यात मोकळं राहता येईल का, हे स्वतःला विचारावं.

याच मंदिरात १९२३-२४ च्या सुमारास पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण आला. तत्त्वज्ञान शिकायला आला आणि तिथून तो गावातल्या शाळेत मास्तर झाला. ‘श्यामची आई’ मात्र त्यांनी मंदिरात लिहिली नाही. ती लिहिली १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. म्हणजे लेखनाला लागणारा निवांतपणा अखेर इंग्रज सरकारनं पुरवला! हा विनोद झाला. खरी गोष्ट अशी की अभ्यासाची वर्षं, शाळेतली मुलं आणि वसतिगृहातल्या रात्री यांनी आत काहीतरी साठवलेलं होतं. निवासवृत्ती विहिरीत पाणी भरत नाही. पाणी आधीपासून असेल तर ती दोर देते.

सांगवीचंही असंच. यावल तालुक्यातलं गाव. तिथला पंचविशीचा एक तरुण शहरातून घरी परतला आणि काही आठवड्यांत कादंबरी लिहून मोकळा झाला. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी नवख्या लेखकाचं ते पुस्तक १९६३ साली छापलं. ‘कोसला’ आणि भालचंद्र नेमाडे. ज्ञानपीठ २०१४ चं. मधली पन्नास वर्षं मोजा. निवासवृत्ती कुणाची? आईबापांची. अनुदान कुणाचं? एका प्रकाशकाच्या धाडसाचं.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा १९६० साली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं. पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. म्हणजे इथंही खानदेश आहेच. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, त्याच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. शासनाचे वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. दिल्लीच्या साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांना मिळतो, ५० हजार रुपये. २०२१ साली केंद्र सरकारनं तिशीच्या आतल्या लेखकांसाठी युवा योजना काढली. त्यात ७५ जण निवडले आणि महिन्याला ५० हजार याप्रमाणे सहा महिने वृत्ती दिली, तीही पुस्तकाच्या आराखड्यावर. अमळनेरच्या शेठजींनी जे एका विषयासाठी केलं, ते इथं सरकारनं सगळ्या भाषांसाठी केलं.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती न कळल्यानं नुकसान होतं. आमचा एक विद्यार्थी, कविता चांगल्या लिहायचा. कुणीतरी सांगितलं, पैसे भर, पुस्तक काढून देतो. कापसाचे पैसे आले होते, त्यानं भरले. पुस्तक आलं. गठ्ठे बाजेखाली गेले. दोन वर्षांनी त्याची कविता खरोखर पिकली तेव्हा तो आमच्याकडे नवलेखक अनुदानाची जाहिरात घेऊन आला. आम्ही नियम वाचला आणि दोघंही गप्प बसलो. त्याचं पहिलं पुस्तक होऊन गेलं होतं. पहिलं पुस्तक माणसाला एकदाच मिळतं, मुलांनो. ते घाईत खर्च करू नका.

म्हणून अर्ज करताना चार गोष्टी पाहा. त्या वर्षीची ताजी जाहिरात वाचा, मागच्या वर्षीची ऐकीव माहिती नको. वयाची आणि पहिल्या पुस्तकाची अट आधी तपासा. हक्क कुणाकडे राहणार ते पाहा. आणि बक्षीस देणारा तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिथून शांतपणे उठून या.

शेवटी आसोद्याकडं वळतो. शासनाचा प्रथम प्रकाशनाचा कवितेचा पुरस्कार कुणाच्या नावानं आहे? बहिणाबाई चौधरींच्या. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, घरकामात ओवी सुचायची आणि हवेत जायची. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी. त्यांनी आणि घरातल्यांनी ऐकून ऐकून जे हाती लागलं ते वहीत उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, ते थक्क झाले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार जिच्या नावानं आहे, तिनं स्वतःचं पहिलं पुस्तक पाहिलंच नाही. आणि पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं.

बहिणाबाईंना कुठला अर्ज करता आला असता? कुठल्याच स्पर्धेत त्यांचा कागद पोचला नसता, कारण कागदच नव्हता. त्यांना पैसा नको होता, निवास नको होता. त्यांना फक्त एक वही धरणारं माणूस हवं होतं, आणि ते घरात होतं. आपल्या या पंचक्रोशीत अशा किती जणींना ते मिळालं नसेल, याचा हिशोब कुठल्याच गॅझेटियरात नाही.

म्हणून जाता जाता दोन वेगवेगळ्या लोकांना दोन गोष्टी सांगतो. लिहिणाऱ्यांनी अर्ज जरूर करावेत. ते भीक मागणं नाही, तो लोकांचा पैसा आहे आणि लोकांच्या भाषेसाठी आहे. आणि जे लिहीत नाहीत त्यांनी आज घरी गेल्यावर आईला, आजीला, शेजारच्या एखाद्या अबोल मुलीला विचारावं, ‘तुला काही सुचतं का गं? म्हण, मी लिहून घेतो.’ त्या योजनेला शेवटची तारीख नाही. पण माणसाला असते, म्हणून उद्यावर टाकू नका.

आता प्रश्न विचारा. अर्जाविषयी असतील तर ते संयोजकांना विचारा.