द्राक्षपेटीवरील शिक्का : मांजरीपासून युरोपपर्यंत

१/ पदार्थाच्या वेष्टनावर त्याचे कार्बन उत्सर्जन छापण्याची कल्पना २००७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात आली. वॉकर्सच्या बटाटा वेफर्सवर कार्बन ट्रस्टची मोहोर उमटली. त्याच वर्षी टेस्कोने विमानाने आलेल्या मालावर विमानाचे चिन्ह लावण्याचे जाहीर केले.

२/ परदेशी शिक्क्यांची परीक्षा काय असते, हे पुण्याने त्याआधीच अनुभवले होते. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी निर्यातीसाठी ‘महाग्रेप्स’ उभारली. १९९७ मध्ये मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले.

३/ २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे मर्यादेपेक्षा अधिक अवशेष आढळले. त्यातून अवशेष-तपासणीची राष्ट्रीय व्यवस्था घडली आणि तिची संदर्भ प्रयोगशाळा मांजरीस आली.

४/ २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, अॅगमार्क : सारे एका साखळीत आले. पेटीवरील क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोहोचता येऊ लागले.

५/ तरीही २०१० मध्ये घात झाला. वेलीची शाकीय वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात सापडला. आपल्या तपासणी-यादीत हे रसायन नव्हतेच! कागदपत्रे निर्दोष असूनही माल अडला आणि तोटा बागायतदारांच्या माथी आला. जे मोजले, तेवढ्याचीच ग्वाही शिक्का देतो.

६/ हवामान-शिक्क्यालाही हाच न्याय लागू पडतो. केवळ अंतर पाहिले, तर हजारो किलोमीटर दूरचे द्राक्ष दोषी ठरेल. परंतु ते प्रामुख्याने शीतकंटेनरमधून समुद्रमार्गे जाते, आणि टनामागे दर किलोमीटरला जहाजाचे उत्सर्जन विमानाच्या तुलनेत अत्यल्प असते. शिवाय खते, पंपाची वीज, शीतगृह यांचाही हिशेब हवा.

७/ हा हिशेब सोपा नाही. एकेका वस्तूमागे महिनोन्महिने खर्ची पडतात, म्हणून टेस्कोने २०१२ मध्ये कार्बन-शिक्क्याची योजना सोडली. भारताने १९९१ मध्येच मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेला ‘इकोमार्क’ आणला होता. त्यात खाद्यपदार्थही होते, पण तो रुजला नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले.

८/ उद्या द्राक्षपेटीवर कार्बनचा आकडा आला, तर काय मोजायचे हे कोण ठरवणार आणि त्या मोजणीचा खर्च कोण सोसणार? दोन-तीन एकरांच्या बागायतदाराला त्या निर्णयात स्थान असावे, एवढे तरी २०१० च्या हंगामाने शिकवले आहे.