रणांगणाहून शाळेकडे

बद्रच्या लढाईत (इ. स. ६२४) पकडलेल्या कैद्यांची सुटका खंडणी घेऊन केली गेली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी व मोकळे व्हावे, असे हजरत पैगंबरांनी (स.) ठरविले, असे इस्लामी इतिहासकार सांगतात. लढाई आणि पाटी-पेन्सिल यांचे नाते आपल्या परंपरेत इतके जुने आहे.

कोल्हापूरला हे नाते परके नाही. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना करून मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीस उत्तेजन दिले आणि ते युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. त्या पलटणींनी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यापर्यंतचे हाल सोसले.

पलटणीतील शाळेचे मोलही आपल्या लोकांनी ओळखले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरातील विद्येची आवड पुढे काय करून गेली, हे सांगावयास नको. याच बाबासाहेबांचा १९२० साली माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी जाहीर गौरव केला.

परतलेल्या सैनिकाला स्वतःला पुन्हा शिकविण्याची सर्वांत मोठी योजना अमेरिकेने १९४४ साली कायद्याने केली. फी, पुस्तके व निर्वाहभत्ता सरकारने दिला. सुमारे ७८ लाख सैनिकांनी तिचा लाभ घेतला. त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. मात्र कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, हा लाभ पुरता मिळाला नाही. कायदा कागदावर सर्वांचा असला, तरी दार सर्वांस सारखे उघडत नाही, हा त्यातील धडा होय. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे २५ लाख सैनिक होते. त्यांच्यासाठी एवढी व्यापक योजना झाली नाही.

आपल्याकडे सवलतींचा मोठा भाग सैनिकाच्या मुलांसाठी आहे. २००६ साली सुरू झालेली पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पाल्यांना व विधवांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मिळते. मॅट्रिक होऊन १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकास केंद्र सरकारच्या 'क' गटातील काही पदांसाठी पदवीधरासमान मानतात. पण ही सवलत नोकरीपुरतीच आहे. तिने विद्या येत नाही. ज्याला खरोखर शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले.

२०२२ पासून अग्निपथ योजनेने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा अग्निवीर कायम होतात. बाकीचे ऐन तरुणपणीच घरी येतात. दहावी उत्तीर्ण अग्निवीरास मुक्त विद्यालयाकडून बारावीची आणि मुक्त विद्यापीठाकडून पदवीची सोय त्याच वर्षी जाहीर झाली. पदवीचे निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणातून मोजले जावयाचे आहेत.

म्हणून पालकांना विनंती आहे की, गणवेश उतरवून आलेल्या मुलास "आता वय झाले, दुकानावर बस" असे म्हणू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जावे. सेवापुस्तिका व शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. विद्यार्थ्यांनीही वर्गात वयाने मोठा असलेला असा सोबती आला, तर त्याला हसू नये, बाकावर जागा द्यावी. ज्याने देशासाठी चार वर्षे पहारा दिला, त्याला चार वर्षे उशिरा पुस्तक उघडण्याचा हक्क आहे.