अभिवादन आणि सन्मान : जव्हार-मोखाडा परिसरातील आदिवासी समाज व बाहेरची माणसे यांच्या संबंधांचा ऐतिहासिक वेध

बीजसंज्ञा : अभिवादन, जोहार, रामराम, वेठ, आदरार्थी बहुवचन, ग्रामसभा

प्रस्तावना

दोन माणसे भेटल्यावर पहिला शब्द कोणी उच्चारायचा, कोणी वाकायचे आणि कोणी बसून राहायचे, हे प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांत समाजाची उतरंड दडलेली असते. नैऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात पुरुष वडीलधाऱ्यांपुढे साष्टांग पडतात, स्त्रिया गुडघे टेकतात, आणि वडीलधाऱ्यांसाठी अनेकवचनी सर्वनाम योजले जाते. वेळेनुसार व प्रसंगानुसार तेथे अभिवादनाचे शब्द बदलतात. न अभिवादन करणारा धाकटा तेथे संस्कारहीन ठरतो. या समाजात आदराची चिन्हे ठळक व सर्वांना दिसणारी आहेत.

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी समाजांची वस्ती आहे. येथे आदराची चिन्हे तितकी ठळक नाहीत. त्यामुळे ‘या लोकांना रीतभात नाही’ असा ग्रह बाहेरून येणाऱ्यांचा सहज होतो. हा ग्रह कितपत योग्य आहे, येथील माणसाला बाहेरच्यांनी कसे संबोधले आणि त्याने स्वतःसाठी कोणते शब्द निवडले, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभिवादन : राज्यसत्तेचा विषय

महाराष्ट्रात अभिवादनाचा शब्द हा दीर्घकाळ जातीचा हक्क मानला गेला. उत्तर पेशवाईत सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरावा की नाही यावर वाद माजला. १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारनेही सोनारांना हा शब्द वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. समुद्रापलीकडून आलेल्या सत्तेलाही या वादात निवाडा द्यावा लागला, यावरून त्या शब्दाचे वजन ध्यानात यावे.

गावगाड्यात महारांनी ‘जोहार’ घालावा, असा दंडक होता. संत चोखामेळा यांच्या अभंगांत आणि संत एकनाथांच्या भारुडांत ‘जोहार’ ही स्वतंत्र रचनाच आढळते. पुढे दलित चळवळीने हा शब्द नाकारला. १९३० च्या दशकात ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. शब्द बदलणे म्हणजे वाकण्यास नकार देणे, असा या बदलाचा अर्थ होता.

शिरपामाळ : राजांचा शिष्टाचार

जव्हार येथे चौदाव्या शतकात जयबा मुकणे या महादेव कोळी सरदाराने राज्य स्थापन केले. त्याच्या स्थापनेची आख्यायिका प्रसिद्ध आहे. बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन त्याने वारली प्रमुखाकडे मागितली आणि नंतर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला. ही कथा जगात इतरत्रही सांगितली जाते; तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा आग्रह धरता येत नाही. मात्र नम्रपणे काही मागणाऱ्याच्या शब्दामागे काय दडले आहे, ही शंका या प्रदेशाच्या स्मृतीत जुनी आहे, एवढे ती निश्चित सांगते.

जव्हारजवळील शिरपामाळ हे स्थळ आदरातिथ्याच्या दुसऱ्या आठवणीशी जोडलेले आहे. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज येथे थांबले असता जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, असे परंपरा सांगते. तथापि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या सैन्याने जव्हार जिंकून घेतले. दरबारी सन्मान हा राजकीय सोयीचा भाग होता. पाड्यावरच्या माणसाचे या देवघेवीत स्थान नव्हते.

‘तू’ या सर्वनामाचे दोन अर्थ

ब्रिटिश अमदानीत मोखाडा ठाणे जिल्ह्यात, तर जव्हार संस्थानात होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये येथील जमातींचे विस्तृत वर्णन आहे, परंतु ते बाहेरून पाहणाऱ्याचे वर्णन आहे. जमातींचा स्वभाव कसा, त्या कोणते काम करतात, याकडे त्यात लक्ष आहे. त्या बाहेरच्या माणसाकडून काय अपेक्षितात, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

या उपेक्षेचे ठळक उदाहरण संबोधनात सापडते. प्रमाण मराठीतील ‘अहो-जाहो’ची व्यवस्था वारली व इतर स्थानिक बोलींत तितकी रुळलेली नाही. तेथे आदर सर्वनामातून व्यक्त होण्यापेक्षा नात्याच्या शब्दांतून व्यक्त होतो. दादा, बाबा, काका, मामा, बाय असे म्हणून माणसाला नात्यात घेतले की ‘तू’ हा शब्द उणेपणाचा राहत नाही. प्रमाण मराठीतही आईला आणि देवाला ‘तू’ म्हटले जाते, हे येथे स्मरणात ठेवावे. त्यामुळे एखाद्या वृद्ध वारल्याने अधिकाऱ्याला ‘तू कधी आलास?’ असे विचारले तर त्यात उद्धटपणा नसतो.

याउलट सावकार, ठेकेदार वा शिपाई त्याच वृद्धाला ‘अरे-तुरे’ करतो तेव्हा त्या ‘तू’मध्ये नाते नसते, त्याला उलट उत्तर मिळणार नाही याची खात्री असते. शब्द एकच, परंतु एक जवळ घेणारा, तर दुसरा खाली ठेवणारा.

वेठीचा काळ आणि शब्दांची निवड

जमीन आणि जंगल हातचे गेल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी कर्जात व वेठीत अडकला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबण्याची ‘लग्नगडी’ पद्धत डी. सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात नोंदविली आहे. जेथे शरीरच गहाण होते, तेथे सन्मानाने संबोधले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात या लढ्याचा वृत्तांत दिला आहे. त्यांना लाभलेले ‘गोदूताई’ हे संबोधन लक्षणीय आहे. बाहेरून आलेल्या उच्चवर्णीय स्त्रीला लोकांनी ‘बाईसाहेब’ केले नाही, बहीण केले.

त्याच वर्षी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर विस्तारले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यातून आकारास आलेला विचार केवळ शैक्षणिक नव्हता. कोणी कोणाच्या दारी जायचे, हा क्रम त्याने उलटा केला.

१९७८ मध्ये स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांत ‘जिंदाबाद’ आणि आदिवासी एकता परिषदेच्या वर्तुळात ‘आप की जय’ ही अभिवादने रूढ झाली. नेहमीचा ‘रामराम’ त्यामुळे मागे पडला नाही, मात्र निवडीला वाव मिळाला. अलीकडे ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी ‘जोहार’ ही ऐकू येतो. तो झारखंडकडील आदिवासींचा आहे. २०२२ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी शपथविधीनंतरच्या भाषणाचा आरंभ याच शब्दाने केला. जो शब्द गावगाड्यात लाचारीचा म्हणून टाकला गेला, तोच येथे अभिमानाने स्वीकारला जात आहे. म्हणजे मान शब्दात नसतो. तो कोणी, कोणाच्या इच्छेने उच्चारला यात असतो.

बाहेरच्यांकडून अपेक्षा

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा परिसर देशभर चर्चेत आला. त्यानंतर मंत्री, अधिकारी, पत्रकार, संशोधक यांची वर्दळ वाढली. दुःखात असलेल्या घरात थेट शिरणे, न विचारता छायाचित्र काढणे, आईला मुलाच्या वजनाबद्दल चारचौघांत प्रश्न करणे, हे हेतू चांगला असूनही अवमानकारक ठरू शकते. अंगणात थांबणे, हाक देणे, दिलेले पाणी घेणे, आल्याचे कारण सांगणे आणि मग बोलणे, एवढा साधा क्रम पाळला तरी पुरेसे असते.

कायद्यानेही या अपेक्षेला आधार दिला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरविला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. जव्हार व मोखाडा हे तालुके अशा क्षेत्रात येतात. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे, हे एका अर्थी अंगणात थांबून हाक देण्याचेच कायदेशीर रूप होय.

निष्कर्ष

योरुबा समाजात आदर देहाच्या वाकण्यातून दिसतो. जव्हार-मोखाड्यात वाकण्याला वेठीचा इतिहास चिकटलेला असल्याने येथे आदराची कसोटी निराळी आहे. नात्याने हाक मारणे, परवानगी विचारणे आणि समोरच्याला न वाकविणे, ही ती कसोटी होय. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला आणि शासन जवळ आले. परंतु अंतर मैलांवरून मोजण्याइतकेच संबोधनावरूनही मोजावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि सर्वेक्षणे यांसाठी महाविद्यालये या भागात विद्यार्थी पाठवितात. प्रश्नावली हाती देण्यापूर्वी ‘दादा, येऊ का?’ हा प्रश्न त्यांना शिकविणे, ही संशोधनपद्धतीची पहिली पायरी मानली जावी.