चाकणचा संग्रामदुर्ग

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचे, देहूला तुकोबांचे व आळंदीला माउलींचे दर्शन घेऊन चाकणला गेलो. तेथील संग्रामदुर्ग हा डोंगरी गड नव्हे, भुईकोट किल्ला. इ. स. १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या अफाट फौजेने त्यास वेढा दिला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा व मूठभर मावळे. भर पावसाळ्यात त्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढविला. सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हाच किल्ला गेला.

धाकटा म्हणाला, "म्हणजे आपण हरलोच ना?" मी म्हटले, "बाळ, एवढ्याशा किल्ल्यापुढे एवढी फौज दोन महिने अडली, हे विसरू नकोस."

आज तट पडका आहे. भगिनींनो, देवदर्शनाहून परतताना मुलांना तोही अवश्य दाखवा.