पांढरीचं माळवद

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या परिसरात गोठ्यावर किंवा रानातल्या खोपीवर उसाच्या पाचटाचं छप्पर असतं, आणि गावठाणातल्या जुन्या घरावर मातीचं माळवद. पुढची वंशावळ सोपी आहे: १८६५ साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, कौलं आली, मागून पत्रा आणि स्लॅब. कोडं आहे ते त्याआधीचं. छपराचं माळवद झालं कसं?

विचारलं की उत्तर ठरलेलं: पाऊस. मावळात उतरतं छप्पर हवं, शिरूर पर्जन्यछायेत, इथं सपाट छत चालतं. पटतंही. पण आडवं येतं इनामगाव. याच तालुक्यात, घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी १९६८ ते १९८३ खणून तीन हजार वर्षांपूर्वीची शंभरावर घरं उजेडात आणली. बुटक्या मातीच्या भिंती, कूड, मेढींचे खड्डे, वर गवती छप्पर. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस आटला, लोक हलाखीत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असं ढवळीकरांचं म्हणणं. पाऊस घटला की छत सपाट होत असेल, तर तेव्हाच व्हायला हवं होतं. झालं उलटंच: गवत राहिलं, घर तेवढं गोल झालं.

दुसरा पक्ष लाकडाचा. माळवदाचा भार पेलायला जाड तुळया लागतात, त्या गरिबाला कुठून? मान्य. पण पाऊस आटण्याआधीच्या भरभराटीच्या काळात इनामगावात धान्याच्या कोठाराशेजारी पाच खोल्यांचं घर उभं होतं. एवढं बांधणाऱ्याला तुळया जड नव्हत्या.

माझ्या मते अडलं होतं मातीवर. तुळयांवर किलचण, किलचणावर पाला आणि पाल्यावर जी माती चोपतात ती काळी चालत नाही. उन्हात ती भेगाळते, पहिल्याच पावसात घर गळतं. लागते पांढरी. ती म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोसळलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, कुजलेली छपरं. शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात ते यामुळेच. अशी पांढर साचायला एकाच जागी शेकडो वर्षं वस्ती टिकावी लागते. म्हणून गवती घरं आधी मोडायची होती, मगच त्यांच्या मातीचं छत होणार होतं. नदीकाठच्या गाळानं काम भागलं नसतं का, असं कुणी म्हणेल. भागलं असतं, एखाद्या पावसाळ्यापुरतं.

इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात जुन्या शेतघरांवर नवा पेंढा जुन्यावरच चढवत गेले. तळाशी मध्ययुगीन चुलींच्या धुरानं काळवंडलेला थर अजून सापडतो. तिथं जुनं छप्पर जागेवरच राहिलं. आपल्याकडं ते एकदा जमिनीत जाऊन आलं.

या तर्काचा पुरावा पांढरीच्या टेकाडांतच मिळायचा. पण टेकाडं खणून लोकांनी माती शेतात खत म्हणून नेली, आणि उरलेली दर उन्हाळ्यात माळवदावर चढवली.